ऐकलं, गेलो, सरलं

कुणाच्या दारात गेलं की माणूस आधी ‘कसं काय, बरं आहे ना’ म्हणतो. उकंडाजींनी तसं कधी विचारलेलं मला आठवत नाही. ते ओट्याच्या खाली उभे राहायचे आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारायचे, “माय, या आठ दिवसांत तुमच्या इथं कोन कोन आलतं? आन् तुमी कोनाच्या इथं गेलते?” या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मग दंड पुढे करायला सांगायचे.

ते आमच्याकडचे देवी डॉक्टर. डॉक्टर फक्त लोकांच्या तोंडी. कागदोपत्री ते देवीची लस टोचणारे कर्मचारी होते, शिक्षण मराठी सातवी. मी अमरावतीहून मंगरूळपीरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले ती एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि आमचे हुकूम नागपूरहून यायचे. मी तिशीची, नवरा गेलेला, मागे कुणी नाही. खेड्यातल्या बाया परक्या पुरुषासमोर चोळीची बाही वर करायला तयार नसत, म्हणून थंडी संपली की मला उकंडाजींबरोबर फिरतीवर पाठवायचे. असे चार उन्हाळे मी त्यांच्या मागून चालले.

माणूस उंच, वाळलेला. चेहऱ्यावर देवीचे वण इतके दाट की दाढी नीट व्हायची नाही, खड्ड्यांत पांढरे खुंट राहून जायचे. त्यांच्या आधीची तीन भावंडं देवीत गेली होती. चौथ्याला आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नावही त्यावरूनच उकंडा ठेवलं, म्हणजे या पोरावर कुणाची नजर जाऊ नये. त्यालाही देवी आल्याच, पण तो वाचला. हे ते कुणी विचारलं तर सांगत. आपल्या गावाचं नाव सांगावं तसं, पुढे-मागे काही न जोडता.

लसीच्या काचेच्या नळ्या ते ओल्या फडक्यात गुंडाळून लहानशा मडक्यात ठेवत आणि मडकं काखेला लावून चालत. ऊन ज्या बाजूला, मडकं त्याच्या उलट बाजूला. सकाळी एका काखेत, दुपारनंतर दुसऱ्या. स्वतःच्या डोक्यावर मात्र कधी धड फडकं नसायचं.

त्यांची खरी चीज म्हणजे वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली. पहिल्यांदा मी ती पाहिली तेव्हा मला काहीच कळेना. नदी नाही, रस्ता नाही, गावाची वेस नाही. नुसती टिंबं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मी म्हटलं, यात मंगरूळपीरचा रस्ता कुठला? ते म्हणाले, “रस्त्यानं देवी जात नाई बाई. मानसानं जाते.” एकेक टिंब म्हणजे एकेक घर, आणि रेघ म्हणजे त्या घरातलं माणूस या घरात येऊन गेलं. घरांपुढे नावं नव्हती. नावाच्या जागी त्यांनी स्वतः बसवलेल्या खुणा होत्या, फणीसारख्या, पानासारख्या, विळ्यासारख्या. त्यांच्याशिवाय त्या कुणाला वाचता येत नसत. चार उन्हाळे फिरून मला त्यातल्या दहा-बारा कळल्या असतील.

नुसतं टिंब म्हणजे घराचं नाव ऐकलं. टिंबावर आडवी रेघ म्हणजे गेलो. भोवती गोल म्हणजे सरलं. ‘ऐकलं, गेलो, सरलं’ असं ते पुटपुटत वहीवरून बोट फिरवायचे. गोल काढण्याच्या बाबतीत फार कडक. घरातल्या शेवटच्या माणसाचा दंड पाहिल्याशिवाय आणि त्या घरातून पुढे जाणारी प्रत्येक रेघ लिहून घेतल्याशिवाय गोल नाही. एकदा एका घरातला म्हातारा शेतात होता आणि ऊन फार झालं होतं, म्हणून मी सांगितलं, झालं सगळं. पुढच्या गावाच्या वेशीवर त्यांनी त्या घरातली टोचलेली माणसं मनात मोजली, एक कमी भरला. ते मागे वळले. दीड कोस आम्ही परत चाललो. म्हाताऱ्याला टोचून झाल्यावर एवढंच म्हणाले, “आजा शेतात हाये म्हनजे आजा उरला.”

या चिकाटीचा उपयोग लोकांनी भलत्या कामांसाठीही करून घेतला. आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या पार्बताबाईची धाकटी बहीण चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून कुठल्याशा खेड्यात दिली होती. गावाचं नाव ती विसरली होती. आईबाप गेले, जाणं-येणं तुटलं. उकंडाजींनी तिला एक दुपारभर समोर बसवून लग्नाला कोण कोण आलं होतं ते विचारलं. वाजंत्री कुठले होते, मामा कुठला, स्वयंपाकाला कोण होतं. मग आठवडी बाजारांतून त्यातल्या एकेकाची घरं शोधत गेले. जे घर लागलं त्याला पुढचं विचारायचं, तिथं काही हाती आलं नाही तर मागच्या घराशी येऊन दुसरी रेघ धरायची. तिसऱ्या बाजाराला बहीण सापडली, मंगरूळपीरपासून जेमतेम सात कोसांवर. दोघी बहिणी दवाखान्याच्या व्हरांड्यात गळ्यात पडून रडत होत्या आणि हे भिंतीकडे तोंड करून वहीत गोल काढत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

चैत्र लागला होता. रिठदकडची भागाबाई नावाची कासारीण मंगरूळपीरच्या दर्ग्याजवळच्या पडवीत पडून असल्याचं कळलं. उन्हाचे फोड म्हणून तिनं पंधरा दिवस अंगावर काढले होते. फोड थोडेच होते, पण देवीचेच होते, आणि आता खपल्या धरत होत्या. या पंधरा दिवसांत ती टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडली होती. बांगड्या भरायच्या म्हणजे प्रत्येक बाईचा हात हातात घ्यायचा.

उकंडाजी तिच्याजवळ दोन तास बसले. तिला घरांची नावं आठवत नव्हती, हात आठवत होते. अमक्या गावी एक जाडसर हात, दोन-सहाची बांगडी, तीही फुटली. तमक्या ठिकाणी दोघी जावा, दोघींना लाल. ती डोळे मिटून एकेक मनगट सांगत गेली आणि हे टिंबं काढत गेले. रिठदकडचा भाग आमच्या हद्दीबाहेर होता, तिकडे त्यांनी निरोप धाडला. बाकीची एकतीस घरं निघाली.

आधी भागाबाईनं हात लावलेली घरं, मग त्या घरांची माणसं ज्यांना भेटली ती घरं, असा त्यांचा क्रम. मधूनच उडी मारायची नाही. सहा दिवस आम्ही तसे चाललो. सहाव्या दिवशी पहिल्या घरांपैकी एकच टिंब उरलं. ती एका गावाच्या वरच्या बाजूला टेकडीवरची नऊ घरांची वस्ती होती. कामासाठी बाहेर जाऊन लग्नसराईपुरती परतलेली माणसं. तिथं भागाबाईनं एका नवरीला हिरवा चुडा भरला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडं आज तिथं नांदत आहेत.

आम्ही सकाळी वर पोचलो तेव्हा मांडव तसाच होता आणि नवरी, शेवंता, आतल्या घरात तापानं फणफणत होती. दोन लेकरांच्या अंगावर पुरळ उठलेलं. हळद दोन दिवसांपूर्वी लागली होती, लग्न थांबलं होतं. आम्ही नऊही घरांतल्या लोकांना टोचलं. ते होईपर्यंत दुपार झाली. खाली पाहिलं तर उतरायची वाट बोरीच्या काट्यांनी बंद. पलीकडे गावातले आठ-दहा जण काठ्या घेऊन बसलेले, मध्ये पाटील. त्यांनी ओरडून सांगितलं की वरचं माणूस खाली येणार नाही, आणि डॉक्टर-नर्सही आता वरचीच.

वस्तीचं पाणी खालच्या विहिरीवरून यायचं. वर नाल्यात एक झिरा होता, तो दिवसाला दोन घागरी देई. नऊ घरं, तापलेली माणसं आणि दोन घागरी.

उकंडाजी काट्यांपाशी गेले. मी मागे होते. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, “हळदीले आमच्या गावातून कोन वर गेलतं ते सांगा. नावं द्या, पानी घ्या.”

नावं उकंडाजींकडे होती. वस्तीतल्या बायांना विचारून त्यांनी ती सकाळीच लिहून घेतली होती, खालच्या गावातल्या चार बाया. त्यांना लागण झाली असली तरी अजून दोन दिवसांत टोचलं तर बहुतेक वाचण्यासारख्या होत्या. म्हणजे घाई आम्हालाच होती. तरी ते म्हणाले, “नावं नाई देत. मले येऊ द्या, साऱ्या गावाले टोचतो.”

पाटील म्हणाले, रोग्याच्या घरातून आलेल्या माणसाला गावात घेता येणार नाही. मग त्यांनी वही मागितली. उकंडाजींनी ती काट्यांवरून फेकली. खाली ती हातोहात फिरली, शाळेत गेलेल्या दोघांनी उलटसुलट करून पाहिली आणि परत फेकून दिली.

ती दुपार मी विसरलेली नाही. शेवंता पाणी मागत होती आणि तिची आई तिच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती. वरून सगळा मुलूख दिसायचा, मंगरूळपीरकडे जाणाऱ्या बैलगाड्या, त्यांची धूळ, विहिरीवरचा मोट ओढणारा बैल. पाणी डोळ्यांपुढे होतं आणि पन्नास पावलं उतरायची सोय नव्हती. मी उकंडाजींवर चिडले. म्हटलं, चार नावांसाठी नऊ घरं तहानेनं मारणार का? आणि त्या चौघींचे दिवस सरत आहेत त्याचं काय?

ते मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, “नाव सांगतलं का त्या चार दाराईवर बी काट्या येतीन. इथं आपन दोघं तरी हाओ. तिथं त्याईले कोन टोचीन, कोन पानी देईन?” थोड्या वेळानं, मी काही विचारलं नसताना, पुन्हा बोलले. इतकं लांब बोलताना मी त्यांना तेवढ्या एकदाच ऐकलं. “मी या वहीत अडकलो बाई. एक घर सरलं का त्याच्यातून चार निघते. बायको दर्यापूरले तिच्या भावाच्या घरी, वर्सातून दोनदा तोंड पाहातो. दर वर्सी बदलीचा अर्ज करतो. मले वाटते, अशा गावात जाऊन राहावं जिथं कोन कोनाचं कोन लागते हे मले माहीत नाई.”

ऊन कलल्यावर काट्यांपाशी गलका झाला. पाटलांची विधवा बहीण गिरजाबाई डोक्यावर घागर घेऊन वर येत होती. पन्नाशीची बाई, पांढरं लुगडं. भाऊ आडवा आला तशी ती थांबली, घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी गेलती हळदीले. पोरीची माय माह्या हाताखाली वाढली. मी मांगच्या बाजूनं बसली होती.”

विधवेनं हळदीच्या मांडवात जाणं तेव्हा काय होतं ते आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही. पाटील मान खाली घालून उभे राहिले. गिरजाबाईनं काट्यांमधून दंड आत घातला. बोरीच्या काट्यानं तो ओरबाडला गेला. उकंडाजींनी तो ओल्या बोळ्यानं पुसला आणि टोचलं. टोचता टोचता ते तिच्या कानाशी हळू काहीतरी बोलले. उरलेल्या तिघींची नावं त्यांनी तिलाच तेवढी सांगितली.

तासाभरात ती बायांची ओळ घेऊन आली, वीस-पंचवीस तरी असतील, जमल्या तेवढ्या. म्हणजे त्यातल्या तिघी कोणत्या ते कुणाला कळायला नको. पाणीही आलं. उकंडाजी एकापाठोपाठ एक दंड टोचत होते, वर पाहत नव्हते. शेवटचा दंड झाल्यावर त्यांनी गिरजाबाईकडे पाहिलं. तिनं दोन बोटं दाखवली आणि मान हलवली. तिसरी आली नव्हती. तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं की माझी बायको वर गेलीच नाही, आणि बायकोही तेच म्हणाली होती. त्यानं तिला हळदीला जायला मनाई केली होती, ती चोरून गेली होती.

गिरजाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेली, तिसऱ्या दिवशीही. नवऱ्यानं तिला अंगणातूनच परत पाठवलं.

आम्ही वस्तीवर बावीस दिवस होतो. खालून लस येत होती, पाणी येत होतं, पण काटे निघाले नव्हते, सगळ्यांच्या खपल्या पडेपर्यंत निघणारही नव्हते. उकंडाजी रोज सकाळी नऊ घरं त्याच क्रमानं फिरायचे. करण्यासारखं फारसं नसायचं, तरी फिरायचे. मग टेकडीच्या कडेला जाऊन उभे राहायचे, पुन्हा यायचे. एक तान्हं मूल गेलं. बाकीची हळूहळू उठली. शेवंताही उठली. तिनं पहिल्यांदा बोटांनी स्वतःचा चेहरा चाचपला तेव्हा उकंडाजी समोर बसले होते. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते उठून गेले नाहीत, तिला पाहू दिलं. तिचं लग्न ठरलेल्या घरी झालं नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे झालं, असं मी पुढे ऐकलं.

पंधरवडा उलटत आला तेव्हा खालून निरोप आला की अमक्या घरच्या बाईला ताप आहे. तीच होती. पाटलांनी स्वतः काट्या बाजूला केल्या आणि उकंडाजींना खाली नेलं. नवऱ्यानं आता दार अडवलं नाही. तिच्या दीड वर्षाच्या मुलीला त्यांनी त्याच दिवशी टोचलं, ती पोर वाचली. बाई आठव्या दिवशी गेली.

आम्ही निघालो त्या सकाळी पाटील वेशीपर्यंत आले. त्यांनी विचारलं, “तवाच नाव सांगतलं असतं तर?” आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उकंडाजींनी मडकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि चालू लागले.

पुढे वरच्या साहेबांनी खुलासा मागवला. हळदीला गेलेल्यांची नावं स्वच्छ अक्षरात लिहून द्यावीत, असा हुकूम होता. त्यांनी चार रकाने रिकामे ठेवून कागद परत पाठवला. त्यांच्या नावावर शेरा पडला आणि त्या वर्षीचा बदलीचा अर्ज धाडलेल्या पाकिटातच परत आला. हे मला दवाखान्याच्या कारकुनानं सांगितलं. 

एक बदल मात्र मी पाहिला. गोल काढलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, अगदी चहालाही नाही, असा त्यांचा नियम होता. त्या बाईच्या घरावरची खूण त्यांनी तशीच ठेवली. आडवी रेघ होती, गोल नव्हता. त्या भागात फिरती असली की ते त्या ओट्याखाली जाऊन उभे राहायचे. नवरा बाहेर येत नसे. मुलगी चालायला लागली होती. ती तांब्या दोन्ही हातांनी धरून आणायची, निम्मं पाणी सांडायची. ते उरलेलं पिऊन निघायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात मी त्यांना वाटेत विचारलं, पुन्हा तशीच वेळ आली तर नाव सांगाल का? ते चालतच राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, “नाई सांगनार. आन् ते बाई माह्याच पायी मेली. दोन्ही खरं हाये.”

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास माझी अमरावतीला बदली झाली. मी कधी अर्जही केला नव्हता. कारंज्याकडे जाणारी मोटार दुपारी सुटायची. उकंडाजी माझी ट्रंक घेऊन अड्ड्यावर आले, टपावर चढवली, दोरी स्वतः आवळली. इंजिन सुरू होईना. ड्रायव्हर पुढे हँडल मारत होता. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, म्हणून मी म्हटलं, उन्हात कशाला उभे राहता, बसा घटकाभर. ते आत येऊन बसले. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या काचेवर. त्यापूर्वी त्यांना मी कधी मोटारीत बसलेलं पाहिलं नव्हतं. मी गमतीनं म्हटलं, चला अमरावतीपर्यंत, तिथून दर्यापूर काही लांब नाही. ते हसले नाहीत. सीटच्या पुढच्या दांड्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो घट्ट धरला.

इंजिन सुरू झालं, सगळी मोटार थरथरायला लागली. कंडक्टरनं दार ओढायला घेतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दांडा सोडला नाही. कंडक्टरनं विचारलं, येता का उतरता? तेव्हा ते उठले, मला म्हणाले, “जा बाई, सांभायून,” आणि खाली उतरले.

मोटार वळेपर्यंत मी मागच्या काचेतून पाहत होते. ते घराकडे निघाले नव्हते. मोटार उभी होती त्या जागेशेजारी, धुळीत, तसेच उभे होते.